काढायचे लिहिलेला डबा

२ मार्च

प्रिय बारके,

काल फोन आधी कोणी आपटला यावर आता वाद नको. यापुढे आईच्या घराविषयी जे बोलायचं ते पत्रातून बोलू. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मध्येच तोडता येत नाही. शाळेत सिस्टरांनी आपल्याकडून इतकी पत्रं घटवून घेतली, ती साठीला येऊन अशी उपयोगी पडतील असं त्यांनाही वाटलं नसेल.

तर ऐक. घरमालकांना एकतीस तारखेला घर रिकामं हवंय. मला इथून हलता येत नाही. आई पडल्यापासून जरा अशक्त आहे, तिला सोडून कशी येऊ? म्हणून सगळं तुझ्यावर आलं. तू त्याच गावात राहतेस हा काही तुझा गुन्हा नाही, पण सोय आहे.

तीन ढीग कर. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. चौथा करू नकोस. तुझा 'बघू नंतर'चा ढीग मी लहानपणापासून ओळखते. त्याच्यामुळेच आपल्या खोलीत एकाच बाजूनं पलंगावर चढता यायचं.

आणि मन घट्ट कर. तुला वाटेल ताई लांब बसून हुकूम सोडतेय. पण हे मी म्हणत नाही, आईच म्हणतेय. परवा तिला विचारलं, "आई, घराचं काय करायचं?" तर म्हणाली, "काढ." मी म्हटलं, "सगळं?" पुन्हा म्हणाली, "काढ." आता आपण कशाला अडून बसायचं?

तुझ्या घड्याळजींना माळ्यावर चढू देऊ नकोस. त्यांचे गुडघे सांभाळ.

तुझी
ताई


८ मार्च

ताई,

स्वयंपाकघर झालं. एकेचाळीस झाकणं निघाली आणि सतरा डबे. उरलेली चोवीस झाकणं कशाची, हे आईला विचारून कळव.

प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आहे. तिचं ते तिरपं, सुबक अक्षर, वर पारदर्शक चिकटपट्टी. 'साखर' लिहिलेल्या डब्यात स्क्रू आहेत. 'स्क्रू' लिहिलेल्यात आणखी स्क्रू आहेत. तडकलेल्या बादलीवर चिठ्ठी, 'काढायचे'. कापूस बाहेर आलेल्या गादीवर, 'काढायचे'. मुक्या झालेल्या रेडिओवर, 'काढायचे'. म्हणजे तू लिहिलंस ते खरं दिसतंय. मनातल्या मनात तिनं घर आधीच रिकामं केलं होतं, फक्त उचलून बाहेर ठेवायचं राहिलं होतं.

माझा नवरा माळ्यावर चढलाच. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला 'वेळ पाहून चढा' म्हटलं तर काय होणार? भिंतीवरचं बंद घड्याळ त्यांनी उघडलं, पुसलं, चालू केलं आणि परत भिंतीवर टांगलं. घर रिकामं होत चाललंय आणि दर तासाला टोले पडताहेत. आई त्यांना 'घड्याळजी' म्हणायची त्यात चिमटा असायचा, तुझ्या म्हणण्यात माया असते. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी हाक ऐकली की मी आधी आवाज कोणाचा ते बघते.

आता एक विचारते. आई दोन महिन्यांसाठी म्हणून नोव्हेंबरात तुझ्याकडे आली. जानेवारीपासून मी फोन केला की ती झोपलेली असते. सकाळी अकराला झोपलेली, संध्याकाळी पाचला झोपलेली. दर रविवारी मी तिच्याकडे जात होते, ताई. दुपारी पाठ टेकणाऱ्या माणसांना ती 'आडवी जमात' म्हणायची. तुला ती 'काढ' म्हणाली. माझ्यासाठी काही म्हणाली का? घर मी आवरतेय हे तिला माहीत तरी आहे का?

बारकी


१३ मार्च

प्रिय बारके,

किती प्रश्न विचारतेस! म्हातारं माणूस झोपतं कधीकधी. त्यात उलटतपासणी कसली?

एक काम मात्र मनावर घे. माळ्यावर बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा असेल. त्यात आईचे नक्षीचे कागद असावेत. तुला आठवतं ना, ती पातळ कागदावर वेलबुट्टी काढायची, मग रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायची. तो कागद कापडावर ठेवून निळीत आणि रॉकेलात बुडवलेला बोळा फिरवायची. कागद उचलला की कापडावर निळ्या ठिपक्यांची वेल उमटलेली. मग लोक ती दोऱ्यानं भरत बसायचे. आपल्या शाळेच्या सगळ्या टेबलक्लॉथांवर तिच्याच वेली होत्या. सिस्टर मात्र आपण भरलेलं कापड आधी उलटं करायच्या. "पुढून कोणीही छान करतं, मागची बाजू दाखव."

आई हल्ली दिवसभर डाव्या हाताच्या बोटांनी चादर घासत असते. गोल, गोल. बोळा फिरवल्यासारखं. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तिच्या हाताच्या ओळखीचं काही असेल तर आणा, त्यानं कदाचित फरक पडेल. म्हणून डबा पाठव. कुरियरनं, लगेच.

झाकणांचं जाऊ दे. टाक सगळी.

तुझी
ताई


१७ मार्च

ताई,

निळा डबा माळ्यावर नव्हता.

बोलणं शिकवणाऱ्या बाई कोणाला बोलणं शिकवताहेत?

बारकी


२० मार्च

बारके,

तुझं दोन ओळींचं पत्र सकाळपासून चारदा वाचलं. आता मागची बाजू दाखवते.

एकोणीस जानेवारीला आईला पक्षाघाताचा झटका आला. पडली ती त्यामुळे. उजवा हात गेला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे एक शब्द सोडून सगळे गेले. तो एक शब्द 'काढ'. पाणी हवं असलं तरी काढ, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी काढ. मी तिला घराचं विचारलं तेव्हा ती 'काढ' म्हणाली हे खोटं नाही. पण मी तिला आज वार कोणता विचारलं असतं तरी ती तेच म्हणाली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. घराचा निर्णय माझा होता, तो मी तिच्या तोंडी घातला. तू माझ्याशी भांडली असतीस, आईशी भांडली नसतीस.

तुला का कळवलं नाही? तू पहिल्या गाडीनं आली असतीस. आल्या आल्या विचारलं असतंस, "ती पडली तेव्हा तू कुठे होतीस?" मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि शेजारणीशी बोलत होते. तासभर. कपडे चारच होते. खाली आले तेव्हा ती बेसिनपाशी जमिनीवर होती, डोळे उघडे. किती वेळ तशी होती ते मला कधीच कळणार नाही. रोज वाटायचं, उद्या एखादा शब्द बोलेल, मग बारकीला सांगू. दोन महिने झाले.

मला शिव्या दे, पण डबा पुन्हा शोध. तो आहे हे मी खात्रीनं सांगते, आणि का ते ऐक. मी बटणं ठेवते तो लाल डबा तुला माहीत आहे. माझ्या लग्नात चादरीबरोबर आईनं दिलेला. काल त्यातली बटणं ओतून टाकली आणि डबा पालथा केला. बुडाला आईची चिठ्ठी आहे. चाळीस वर्षं मी ती पाहिली नव्हती. लिहिलंय, 'मोठीचे काढून झाले'. माझ्या चादरीवरची नक्षी काढून झाली, म्हणून. आत एकेकाळी तिचेच कागद होते, मी वेडीनं ते केव्हाच टाकले आणि बटणं भरली.

माझा लाल, म्हणजे तुझा निळा असणारच. एकाच दिवशी आणलेले दोन डबे होते ते, आपण दोघींनी बिस्किटं खाल्ली होती. बघ ना पुन्हा. तुझ्यावरही अशीच काही चिठ्ठी असेल.

ताई


२२ मार्च

ताई,

होती. चिठ्ठी होती.

डबा मला अकरा तारखेला सापडला. माळ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, जुन्या पडद्यात गुंडाळलेला. झाकणावर चिठ्ठी, 'बारकीचे काढायचे'.

मी माळ्यावरच बसून राहिले. खालून हे विचारत होते, "काय सापडलं? साप आहे का?" मी म्हटलं, "काही नाही, रद्दी." आठ दिवस मी त्याच शब्दाच्या चिठ्ठ्या बघून वस्तू बाहेर काढत होते. वर तुझं पत्र, आईच म्हणते काढ. बादली, गादी, रेडिओ आणि मी. आमच्या लग्नाला ती आली नव्हती, ते मी केव्हाच गिळलं होतं. दर रविवारी तिच्या पायांना तेल लावताना वाटायचं की तिनंही गिळलं असेल. मग हे दिसलं. वाटलं, घरातून काढलं ते काढलंच, वर नीट चिठ्ठी लावून ठेवलं.

मी डबा उघडला नाही. आत कागद सळसळत होते. माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं असतील असं वाटलं. त्याच दुपारी वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याला देऊन टाकला. दोन दिवसांनी तू नक्षीच्या कागदांचं लिहिलंस तेव्हा सळसळणारे ते कागद कसले होते ते कळलं, तरी मी खोटं लिहिलं. खरं लिहायचं तर चिठ्ठीचं लिहावं लागलं असतं.

आणि आज सकाळी तुझा लाल डबा वाचला. मोठीचे काढून झाले. बारकीचे काढायचे. म्हणजे काढायचं राहिलंय. माझ्या चादरीवर नक्षी काढायची होती, आणि मी त्याआधीच निघून गेले. ताई, मी पत्र हातात घेऊन तशीच रस्त्यावर गेले. पायात यांच्या चपला होत्या, ते दुकानात पोचल्यावर कळलं.

डबा रद्दीवाल्याच्या टेबलावरच होता. आत सुतळ्या. चिठ्ठी तशीच. मी म्हटलं, "यातले कागद?" तो म्हणाला, "ते पातळ होते हो, किलोत धरता येत नाहीत. चौकातल्या फुलवालीला दिले, गुच्छ गुंडाळायला." मी म्हटलं, "आणि हा डबा?" "डबा मी ठेवलाय. चांगला आहे. तुम्हीच दिलात ना?" मीच दिला होता. शेवटी यांनी त्याचं मनगटावरचं घड्याळ तिथेच उभ्या उभ्या नीट करून दिलं, तेव्हा सुतळ्या ओतून डबा दिला.

फुलवाली बंद करून गेली होती. दुकानाला आडवी फळी. शेजारचा म्हणाला, भावाकडे गेलीय, दोन-तीन दिवसांनी येईल. मी फळीच्या फटीतून आत बघितलं. बादल्या दिसल्या, कागद दिसले नाहीत.

आईला आत्ता काही सांगू नकोस. सांगितलंस तरी ती काय म्हणेल ते आपल्याला माहीत आहे.

बारकी


२६ मार्च

बारके,

उघडायला हवा होतास. एवढं एकच रागाचं वाक्य लिहिते आणि पुढे जाते. आईनं आयुष्यभर डब्यांवर चुकीची नावं लिहिली, साखरेत स्क्रू ठेवले, आणि तू नेमका हाच एक डबा झाकणावरून वाचलास!

पण तुझ्या हातात ती चिठ्ठी पडली तेव्हा कानात माझं पत्र होतं. तो शब्द मी आधी वाकवून ठेवला होता. हे मी रोज सकाळी आईचे केस विंचरताना स्वतःला सांगते.

कागद मोजून घे. माझ्या चादरीचे सात होते. मधला एक, कडेच्या वेलीचे दोन आणि चार कोपरे. लोक एकच कोपरा काढून चारदा उमटवतात. आईचे चारही वेगळे असायचे. सिस्टरांना ते पटायचं नाही. त्या म्हणायच्या, कोपरे जुळले पाहिजेत. आई म्हणायची, घरात चार माणसं एकसारखी असतात का?

बाई काल म्हणाल्या, परत यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांतच येतं, वेळ घालवू नका. आई हल्ली 'काढ' म्हणते आणि मला नाही कळलं की भिंतीकडे तोंड फिरवते. परवा दिवसभर फिरवलं होतं.

मिळेल ते घेऊन ये. काही नाही मिळालं तर रिकामी ये.

ताई


३१ मार्च

ताई,

किल्ली दिली. मालक घरभर फिरले, म्हणाले, "फारच स्वच्छ केलंत." कोणीतरी थोबाडीत मारावी तसं वाटलं. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल राहिलाय. घड्याळ यांच्या काखेत आहे आणि भररस्त्यात टोले देतंय.

फुलवाली परवा आली. मी विचारल्याबरोबर तिनंच तक्रार सुरू केली. "ते कागद तुमचे होय? अहो, गळतात ते! गुच्छ गुंडाळला की पाणी टपटप खाली. एका गिऱ्हाईकाची साडी भिजली. मेलं कोणी एवढी भोकं पाडून ठेवलीत?" मी म्हटलं, "माझ्या आईनं." मग तिनं बादल्यांच्या मागून गठ्ठा काढून दिला. एक कागद उजेडात धरला आणि म्हणाली, "अगंबाई, फुलंच आहेत की."

सहा मिळाले. मधला, कडेचे दोन आणि तीन कोपरे. चौथा कोपरा कोणाच्या तरी घरी गुलाबांभोवती गेला. पांढरं सुती कापड, निळीची पुडी आणि बाटलीभर रॉकेल घेतलंय. रॉकेल गाडीत नेता येत नाही म्हणे, तर तिथे मिळतं का बघून ठेव.

बुधवारी सकाळी पोचते. मी आल्यावर तू कुठे होतीस असं विचारणार नाही. तू मला डब्याचं विचारू नकोस.

बारकी


२४ एप्रिल

प्रिय बारके,

तू जाऊन पाच दिवस झाले. घरात अजून रॉकेलचा वास आहे आणि तुझे भावजी रोज विचारतात, "कुठे गळतंय का?"

तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. त्या दुपारी तू कापड पसरलंस, कागद ठेवलास आणि बोळा आईच्या डाव्या हातात दिलास, तेव्हा मी चहा करायला गेले नव्हते. दाराआड उभी होते. तुझा हात तिच्या हातावर होता आणि दोन्ही हात गोल फिरत होते. कागद उचललास तेव्हा तुम्ही दोघी एकदम वाकलात. तुमच्या माना एकसारख्या आहेत हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मला हेवा वाटला, बारके. माझ्या वेळी मी बिस्किटं खात बसले होते, तिला काढताना मी पाहिलंच नाही.

चौथ्या कोपऱ्यात तिनं डाव्या हातानं पेन्सिलीनं काढलेली ती रेघ अजून आहे. एक वाकडा देठ आणि दोन पानं, त्यातलं एक पान की बटाटा ते सांगता येत नाही. सिस्टरांनी दहापैकी शून्य दिलं असतं. त्यानंतर तिनं पेन्सिल धरलेली नाही. बाई म्हणतात, जास्त आशा धरू नका. मी धरत नाही. रोज पेन्सिलीला तेवढं टोक करून ठेवते.

आता पत्र लिहायचं कारण. तू गेल्यापासून रोज दुपारी ती तुझ्या खुर्चीकडे बघते आणि म्हणते, "काढ." पहिल्या दिवशी मी खुर्ची उचलून बाहेर ठेवली. भयंकर चिडली, उशी फेकली. खुर्ची परत आणली. दुसऱ्या दिवशी पेन्सिल दिली, तीही फेकली. तिसऱ्या दिवशी कपाट उघडून एकेक वस्तू दाखवली. प्रत्येक वस्तूला नकार. मी रडकुंडीला आले. म्हटलं, "आई, काय काढू? सगळं तर काढून झालं!"

काल चादर तिच्या मांडीवर पसरली. तू कडेची वेल भरता भरता सुई तशीच टोचून ठेवून गेलीस ना, तिथे तिनं बोट ठेवलं. खुर्चीकडे बघितलं. "काढ." आणि मला अचानक सुचलं, की इतके दिवस आपण दोघी त्या शब्दाच्या पुढे काय ते शोधत होतो. मागे काय होतं ते कोणी बघितलंच नाही.

मी विचारलं, "आई, बारकीची आठवण काढतेस?"

ती रडली वगैरे नाही. डोळे मिटले आणि मान हलवली, चहात साखर बरोबर पडली की हलवायची तशी. मग भिंतीकडे तोंड न फिरवता झोपली. हो, दुपारी. आडव्या जमातीत गेली एकदाची.

जानेवारीत तिला तो एकच शब्द उरला, तेव्हापासून ती कितीदा हेच म्हणत असेल, आणि मी कितीदा पाणी आणून दिलं असेल!

डब्यावरची चिठ्ठी मी बदललेली नाही. निळा डबा तिच्या उशाशी आहे. वेल अर्धी भरायची राहिलीय आणि चौथा कोपरा काढायचा आहे. सुई तू टोचलीस तिथेच आहे, मी हात लावलेला नाही. घड्याळजींनाही आण. ती त्यांना काय म्हणणार ते तुला माहीतच आहे. पण यावेळी आवाज कोणाचा ते बघू नकोस.

तुझी
ताई